समूहनामांवर प्रवेश

एक जनावर म्हणजे संकट. अनेक जनावरे म्हणजे अभ्यासक्रम. मराठी माणसाने कळप, थवा आणि झुंड अशा मोजक्या शब्दांत शतकानुशतके भागवले, यावरूनच तो मागे का पडला हे कळते. इंग्रजीत सिंहांचा प्राइड होतो, कावळ्यांचा मर्डर, घुबडांची तर थेट पार्लमेंट.

जयपुरातील एका नामांकित (म्हणजे फी सांगताना आवाज खाली आणणाऱ्या) शाळेने पहिलीचा प्रवेश याच ज्ञानावर ठेवला आहे, ते योग्यच झाले. गेल्या वर्षी शंभरांतील अठ्ठ्याण्णव मुलांना गेंड्यांच्या समूहास क्रॅश म्हणतात हे ठाऊक होते. (उरलेल्या दोघांनी गेंडा पाहिला होता.)

नागपूरहून बदली होऊन आलेले रेल्वेतले राजरत्न आणि त्यांच्या पत्नी सुरुची यांनी खातीपुऱ्यातल्या क्वार्टरमध्ये लेकीची तयारी घासागणिक करून घेतली. पहिल्या घासाला सिंह, दुसऱ्याला कावळे.

"आई, मतलब कावळ्यांनी कोणाला मारलं?" गौतमीने विचारले.

"कोणालेच नाही. जेव गुमान."

मुलाखतीच्या दिवशी पालक ओळीने बसले असता खिडकीतून सात-आठ माकडे आत आली. एकाने मुख्याध्यापिकांचा डबा उचलला, दुसऱ्याने एका आजोबांचा चष्मा. समस्त पालकांनी आपापल्या मुलांना कोपराने ढोसत एकमुखाने सांगितले, "ट्रूप! बोल, ट्रूप!" राजरत्नही त्यांत होते. शिस्त अशी, की चष्मा गेलेल्या आजोबांनी आधी नातवाचा उच्चार सुधारला, मग बोंब मारली.

गौतमीने पायातला नवा बूट काढला आणि "हट!" म्हणत धावली. माकडे डबा-चष्मा टाकून पळाली.

मुख्याध्यापिका टेबलाखालून बाहेर आल्या. "शाबाश बेटी! अब बताओ, इन्हें क्या कहते हैं?"

"कहते कुछ नहीं, मॅडमजी. जूता दिखाते हैं."

संध्याकाळी निकाल लागला. गौतमी नापास. शेरा : धाडस आहे, शब्दसंग्रह नाही.

"एक शब्द बोलली असती त काय झालं असतं वो?" सुरुचीने नवऱ्याला विचारले. राजरत्न बुटाची नाडी ओवत राहिले.

हे वाचून आपणांस संताप आला असेल. तो रास्तच आहे. गौतमीमुळे शाळेत एक जागा रिकामी राहिली आहे, हेही जाता जाता नोंदवतो. शाळेचे नाव मात्र देणार नाही. त्यासाठी कृपया फोन करू नयेत. हकीकत आधीच कानोकानी पसरल्याने सकाळपासून बरेच आले, आणि प्रत्येकाने आधी संतापच व्यक्त केला.