हसुरामकाकांची भरती-ओहोटी

आमचे घरमालक हसुरामकाका ओहोटीला घराचा उंबरा ओलांडत नाहीत. शिरवण्यातलं त्यांचं घर खाडीपासून लांब आहे, पाणी दिसतही नाही, तरीही. "पानी उतारताना निंगालेला मानूस लवकर परत येत नाय," असं ते सांगतात. पुतण्याच्या लग्नाला पनवेलला पोचले तेव्हा लोक आइस्क्रीमवर आले होते.

भरतीची वेळ ते बोटांवर काढतात. तिथीची पाऊणपट करायची, की झालं. अष्टमी असेल तर सहा. मी एकदा म्हटलं, "काका, मोबाईलवर दिसतं ते." ते म्हणाले, "मोबाईल कदी जालं घेऊन खारीत गेलता?"

आम्ही मूळचे हिंगोलीचे, वरच्या खोलीत भाड्याने राहतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे काकांनी या वर्षी लक्षद्वीपला जायचं ठरवलं, तेव्हा सगळी कागदपत्रं माझ्याकडे आली. मी विमान आतून पाहिलेलं नाही, हे सांगायचा धीर मला झाला नाही.

जाणार दोघंच, काका आणि चांगुणाकाकी. बेटावर मासे मिळतील पण मसाला कुठला, म्हणून काकांनी आगरी मसाल्याची बरणी आधी भरली. सोबत सुकट आणि बोंबील. "काका, विमानात वास येईल." "येव दे. लोकांना भूक तरी लागंल."

एजंटला फोन लावला. तो एसी खोली, नाश्ता, बोटीची सैर असं भराभर सांगत होता. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"त्या सगला र्‍हाव दे. तल दिसते का?"

"काय सर?"

"पान्याचा तल! वरशी खालचा दिसते का?"

जो भेटेल त्याला ते हेच विचारायचे. मलाही रोज. मी फोटो पाहून "हो, दिसतो" म्हणायचे आणि मग जिना चढताना वाटायचं, आपण न पाहिलेल्या समुद्राची खात्री देतोय.

बेटावर जायचा परवाना आला. त्यातल्या तारखांत एकाच दिवशी विमानाची दोन तिकिटं उरली होती. विमान सकाळी साडेनऊचं, म्हणजे घरातून सहाला निघायचं. काकांनी बोटांवर मोजलं. "चवथ. चाराची पाऊनपट तीन. तीनला भरती, मंग नऊपरत ओहोटी. नको गो. बारशीचा बघ."

"द्वादशीला परवाना संपतो, काका."

"मंग पुडच्या वर्साला जाव."

संध्याकाळी मी परवान्याचा कागद परत द्यायला खाली गेले. काकी मोरीपाशी मासे साफ करत होती. चाळीस वर्षं तिने शिरवण्याच्या बाजारात मासे विकलेत. तिने एक मासा उचलला, खवल्यांवरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरला.

"बघ गो पोरी, ही बोय हाय का जिताडा?"

मी गोंधळले. मला काय कळतंय त्यातलं? पाठीमागून काका हळूच म्हणाले, "बोय हाय."

मग ते मला घेऊन पायरीवर येऊन बसले.

"काचबिंदू हाय तिला. डाक्टर बोलला, गेली ती नजर परत नाय येनार. र्‍हायली ती किती दिस, त्याचा बी भरवसा नाय." त्यांनी चप्पल सरळ केली. "जलमभर आमचे खारीचा काला पानी बघला तिनी. त्यान डोल्याच्या मानसाला बी काय दिसत नाय. मना वाटला, एकदा तरी तल दिसल असा पानी..."

आत काकी माशांवर पाणी ओतत होती.

"आनि पुडच्या वर्साला," काका म्हणाले आणि थांबले. कागद त्यांनी माझ्याच हातात ठेवला. "काढ ते चवथीचा तिकीट."

"ओहोटी आहे, काका."

"जाताना चालंल. येतानाचा तेवरा भरतीचा बघ."

मी वर येऊन तिकिटं काढायला बसले. तिथलं पाणी आपल्या तिथीचं ऐकतं की नाही, मला ठाऊक नाही. माझा या सगळ्यावर विश्वासही नाही. तरी परतीची तारीख टाकण्याआधी मी कॅलेंडर काढलं आणि बोटांवर मोजलं. दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. हॉटेल सोडायचं सहाला.

पाणी चढत असेल. मी पुन्हा एकदा मोजलं आणि मगच बटण दाबलं.