वस्तऱ्याची धार आणि केवलरामची मिशी

सहा महिन्यांपासून बाबा आपल्या मुलाला, केवलरामला ओळखत नव्हते. कधी ते त्याला साहेब म्हणत, कधी गॅसवाला समजत. स्वतःचा जुना वस्तरा मात्र बरोबर ओळखत आणि दुसरं काही गालाला लावू देत नसत. वस्तरा बोथट, दाढी छातीपर्यंत आलेली. हाच वस्तरा गालावरून मऊ फिरला तर बाबांना लेकाचं नाव आठवेल, अशी वेडी आशा केवलराम धरून बसला होता.

स्टील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये छत्तीस वर्षं काढलेला माणूस धार लावायला न्हाव्याकडे थोडाच जाणार. त्याने घासायची बारीक फिल्म मागवली. कागदासारखी ही फिल्म पाण्याने चिकटवायची आणि तिच्यावर वस्तरा आडवा फिरवायचा, पण खालची जागा अगदी सपाट हवी. सपाटी तपासायला त्याने ओट्याला पोलादी पट्टी लावली, तर ओट्याला मधोमध पोट निघालं. जेवणाच्या टेबलालाही निघालं. शेवटी त्याने टीपॉयची काच काढली.

"आता मलेही पट्टी लावून पाहा," त्याची बायको सिंधुताई म्हणाली.

तीन दिवस घासून धार आली. ती केसावर पाहायची म्हटलं तर डोक्यावर केस उरले नव्हते, म्हणून त्याने मिशीचं टोक चिमटीत धरलं. तेवढ्यात कुकरने शिट्टी दिली आणि अर्धी मिशी हातात आली. उरलेली अर्धी त्याने मुकाट्याने काढली.

सिंधुताईने कपाळावर हात मारला. "बाप जिवंत असताना मिशी काढते का कोणी?"

दूध आणायला गेलेल्या केवलरामचा कोरा ओठ हेमराजने पाहिला. मशीन शॉपमधला जुना सोबती तो. त्याने काही विचारलं नाही. असलं विचारायचं तरी कसं? त्याने रिटायर मंडळींच्या ग्रुपवर केवलरामचे बाबा गेल्याचं तेवढं कळवलं. दहा वाजेपर्यंत अख्खी रिसाली वसाहत दारात जमली. जवळच्या उतई गावाहून एक जण हारही घेऊन आला.

"गेले नाही, आत चहा पिऊन राहिले," केवलराम ज्याला त्याला सांगत होता.

हेमराजने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "सुरुवातीले असंच वाटते."

गलबला ऐकून बाबाच काठी टेकत बाहेर आले. बाबांनी हार पाहिला, माणसं पाहिली, मग केवलरामचा ओठ पाहिला. ते हळूहळू त्याच्याजवळ येऊन बसले.

"तुया बाप गेला काय रे, बाबू?"

केवलरामने कोऱ्या ओठावर हात ठेवला.

"रडू नको. माया केवल येईन आता ड्यूटीवरून. तो करीन सारं. लय गुणाचा हाय माया पोरगा."

हे बाबांनी त्याच्या तोंडावर आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. बाप गेलेल्या पोरासारखा, बापाच्याच खांद्यावर डोकं ठेवून केवलराम ढसाढसा रडला.