लँडिंगवरच्या स्थिर घटकाबाबत

नेदरलँड्समध्ये डोंगर नाहीत. त्यामुळे डोंगरावरून घसरण्याची सोय इथे छपराखाली करावी लागते. आयंडहोव्हनहून गाडीने तासाभरावर असा एक हॉल आहे. आत बाराही महिने उणे चार तापमान, यंत्राने पाडलेला बर्फ, वर नेणारा सरकता पट्टा आणि एका कडेला बर्फाची एक उडी. उडी म्हणजे मुद्दाम रचलेला चढ. वरून फळीवर घसरत यायचं, चढावरून हवेत जायचं आणि पलीकडच्या उतारावर उतरायचं. त्या उताराला लँडिंग म्हणतात. या रचनेत अडचण एकच आहे. चढाच्या अलीकडून लँडिंग दिसत नाही. तिथे कोणी आहे हे उडी मारणाऱ्याला हवेत गेल्यावर कळतं, आणि हवेत ब्रेक नसतो.

दर रविवारी संध्याकाळी हा कोपरा आमच्या मराठी हिममंडळाकडे असतो. आम्ही बहुतेक सगळे चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या धंद्यातले. केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक शोधून काढायची, ती कोणाच्या विभागात झाली हे ठरवायचं आणि ती आपल्या विभागात झाली नाही हे सिद्ध करायचं, हा आमचा रोजचा व्यवसाय. मी देवदत्त, मंडळाचा सुरक्षा सचिव. हे पद पूर्वी नव्हतं. ते निर्माण करण्याची वेळ एका घटनेमुळे आली.

सुयश नावाचा आमचा एक उत्साही सदस्य उडीवरून हवेत गेला आणि संजीवकाकांपासून दोन हातांवर उतरला. संजीवकाका त्या वेळी लँडिंगच्या बरोबर मध्यावर बसले होते. ते दर रविवारी तिथेच बसतात. एकदा घसरत खाली येतात, गुडघा कुरकुरतो म्हणून टेकतात आणि मग तासभर प्रत्येकाचे हवेतले फोटो काढतात. मंडळातल्या प्रत्येकाच्या प्रोफाइलवर जो उडतानाचा फोटो आहे, तो काकांनी काढलेला आहे.

"थोडक्यात वाचलास रे!" काका सुयशला म्हणाले, आणि त्याला खिशातली तिळाची वडी दिली.

त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळ्यांचं एकमत झालं की हे धोक्याचं आहे आणि कोणीतरी काहीतरी केलं पाहिजे. काकांना 'तिथे बसू नका' असं सांगावं, ही सूचना मात्र कोणी मांडली नाही. ती मांडता येण्यासारखी नव्हती. आमच्यातल्या प्रत्येकाला स्खिपोल विमानतळावरून आणायला काका गेले होते. पहिल्या रात्रीचा वरणभात त्यांच्याकडे झाला होता. खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नाव नोंदवताना, घर बघताना, पहिल्यांदा ताप आल्यावर हाउसआर्ट्सची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, वेळ मिळवताना तेच सोबत होते. अशा माणसाला तोंडावर 'उठा' म्हणायचं? एवढी भीड आम्हाला अजून आहे, आणि तिचा मला अभिमान आहे.

म्हणून समिती नेमली.

पहिली बैठक माझ्या घरी झाली. मुळाशी जाण्यासाठी आम्ही कारखान्यातली नेहमीची पद्धत वापरली. तीत पाच वेळा 'का' असं विचारायचं असतं. सुयश का घाबरला? लँडिंगवर अडथळा होता म्हणून. अडथळा का होता? लँडिंग मोकळं ठेवण्याची व्यवस्था नाही म्हणून. व्यवस्था का नाही? जाणीव नाही म्हणून. जाणीव का नाही? प्रशिक्षण नाही म्हणून. पाचव्या 'का'चं उत्तर एका माणसाचं नाव निघत होतं, म्हणून आम्ही चौथ्यावर थांबलो.

"नाव घेतलं की इश्यू पर्सनल होतो," अपूर्वा म्हणाली. ती एका मोठ्या कंपनीत मनुष्यबळ सांभाळते. "आपल्याला माणूस नाही, बिहेवियर अ‍ॅड्रेस करायचंय."

त्यामुळे इतिवृत्तात काकांचा उल्लेख 'लँडिंगवरील स्थिर घटक' असा करण्यात आला.

समितीचं पहिलं परिपत्रक मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. 'सर्व सदस्यांना नम्र विनंती. लँडिंगवर रेंगाळू नये. उतरल्यावर ताबडतोब कडेला व्हावं. हे कोणा एकाला उद्देशून नाही.' पहिलं उत्तर काकांचं आलं. दोन नमस्कार, एक अंगठा आणि 'अत्यंत गरजेचं होतं. काही लोकांना सांगावंच लागतं.' पुढच्या रविवारी काका लँडिंगच्या मध्यावर बसून फोटो काढत होते.

मग प्रशिक्षण ठेवलं. ते सगळ्यांना सक्तीचं केलं, कारण एकालाच केलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं. चाळीस जण हॉलच्या कॅन्टीनमध्ये अर्धा तास बसले आणि उतरल्यावर कडेला कसं व्हायचं हे मी त्यांना पडद्यावर बाण काढून दाखवलं. काका पहिल्या रांगेत होते. त्यांनी सगळं लिहून घेतलं, तीन प्रश्न विचारले, शेवटच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवले आणि मग गुडघा दुखतोय म्हणत जाऊन लँडिंगवर बसले.

आता प्रश्न चिघळला होता. प्रशिक्षित माणूसच नियम मोडतो असं लेखी आलं तर प्रशिक्षण फुकट गेलं असं ठरलं असतं. त्यावर अपूर्वाने तोडगा काढला. काकांना मान द्यायचा. त्यांना लँडिंग निरीक्षक करायचं, केशरी जाकीट घालायचं आणि 'लँडिंग मोकळं आहे' ही आरोळी द्यायचं काम त्यांच्याकडे सोपवायचं. निरीक्षक झाला की माणूस आपोआप कडेला उभा राहील, असा आमचा अंदाज होता. शाल आणि तुळशीचं रोप देऊन सत्कार झाला. काका गहिवरले.

काकांनी काम फार मनावर घेतलं. लँडिंग पूर्ण मोकळं आहे की नाही हे कडेवरून नीट दिसत नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. ते सगळ्यात चांगलं मधूनच दिसतं. म्हणून ते मध्ये बसून डावीकडे पाहत, उजवीकडे पाहत, आणि पूर्ण खात्री झाली की खणखणीत आवाजात ओरडत, "लँडिंग मोकळं आहे!"

हॉलवर देखरेख करणारा योरिस नावाचा डच माणूस काही वेळ हे बघत होता. मग तो माझ्याकडे आला.

"त्या माणसाला उठायला का सांगत नाही?" त्याने विचारलं.

"कोणत्या माणसाला?"

"तो. केशरी जाकीट. लँडिंगवर बसलाय तो."

"ते आमचे लँडिंग निरीक्षक आहेत."

"पण तो लँडिंगवर बसलाय."

"निरीक्षण तिथूनच चांगलं होतं."

योरिस लँडिंगकडे वळला. "मी सांगतो त्याला. एक मिनिटाचं काम आहे."

मी त्याची बाही धरली. परका माणूस सगळ्यांदेखत काकांना उठवणार, आणि आम्ही चाळीस जण बघत राहणार! "प्रकरण आमच्या प्रक्रियेत आहे," मी म्हणालो. प्रक्रिया हा शब्द ऐकला की डच माणूस आदराने मागे सरतो. योरिसही सरला.

प्रक्रियेला आता वास्तवाशी जुळवून घेणं भाग होतं. समितीने 'मोकळं' या शब्दाची व्याख्या सुधारली. 'निरीक्षक वगळता रिकामं' असलेलं लँडिंग यापुढे मोकळं समजलं जाणार होतं. निळ्या रंगाचा फवारा मारून बर्फावर रेघ आखली आणि सगळ्यांनी रेघेच्या डावीकडे उतरावं असं ठरवलं. डावीकडे भिंत होती, पण तिला गाद्या लावलेल्या होत्या. नवा नियम उडीआधी प्रत्येकाला तोंडी समजावून सांगण्याची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली आणि त्यासाठी चढाच्या अलीकडे उभा राहू लागलो.

या सगळ्यावर आक्षेप घेणारी एकच व्यक्ती होती. तिचं नाव समता. ती सौर पॅनेलवर संशोधन करते, वय चाळीसच्या आसपास, आणि दोन हिवाळे ती एकच गोष्ट शिकत होती. हवेत पूर्ण गिरकी घेऊन उभं उतरायचं. हॉलची हौशी लोकांची स्पर्धा जवळ आली होती. समताने नाव दिलं होतं आणि ते पाहायला तिची आई नागपूरहून येणार होती.

"लहानपणी मला सायकलसुद्धा चालवू दिली नाही आईने," ती मला एकदा पट्ट्यावरून वर जाताना म्हणाली होती. "पळू नकोस, पडशील. चढू नकोस, पडशील. तिला एकदा बघू दे, मी वर जाते, फिरते आणि उभी उतरते."

तिने समितीसमोर येऊन सरळ सांगितलं, "गिरकीत मला डावं-उजवं निवडता येत नाही. मला पूर्ण लँडिंग पाहिजे. दोन शब्दांचं काम आहे. मी काकांना सांगते."



"समता," अपूर्वा हळूच म्हणाली, "तुझ्या लग्नाला साक्षीदार कोण होतं?"

"काका. पण त्याचा इथे काय संबंध?"

"आणि तुझी आई येणार तेव्हा तिला विमानतळावरून कोण आणणारे?"

"काकाच," समता म्हणाली. "त्यांनी आपणहून सांगितलंय."

"मग?"

समताने हात वर केले. मला तिचं कौतुक वाटलं. तिच्या भावना समितीने नोंदवून घेतल्या आणि सर्व सदस्यांसाठी आणखी एक परिपत्रक काढलं.

स्पर्धेआधीच्या रविवारी ती सरावाला आली. वर उभी राहून तिने हात उंचावला. खालून काकांची आरोळी आली, "लँडिंग मोकळं आहे!" ती निघाली. मी नेहमीच्या जागी उभा होतो. मला वळसा घालून ती चढावर गेली, हवेत उठली, आणि फिरली. इतकी सुरेख गिरकी मी आमच्या मंडळात कोणाची पाहिली नव्हती. 

आता काकांबद्दल. सगळे हल्ली डावीकडेच उतरतात, हे त्यांनी हेरलं होतं. मधून फोटो तिरपे यायला लागले होते. समताचा हा फोटो तिच्या आईसाठी काढायचा होता, तो तिरपा येऊन चालणार नव्हता. म्हणून आरोळी दिल्यावर काका सरकले आणि निळ्या रेघेच्या डावीकडे जाऊन बसले.

हवेत गेल्यावर समताला ते दिसले. तिने अंग झटकलं, काकांना चुकवलं, गाद्यांवर आदळली आणि हातावर पडली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. काकांना काहीही झालं नाही. फोटो अप्रतिम आला.

चौकशी अहवाल मी त्याच आठवड्यात पूर्ण केला. सर्व नियम पाळले गेले होते. आरोळी दिली होती, व्याख्येनुसार लँडिंग मोकळं होतं, सदस्य प्रशिक्षित होते. तेव्हा दोष कोणाचाच नव्हता, आणि राहिला असलाच तर तो गिरकीचा होता. हॉलने आमच्या मंडळासाठी उडी बंद केली. त्यानंतर आजतागायत आमच्याकडे एकही अपघात झालेला नाही, हे इथे नमूद करतो.

स्पर्धेच्या दिवशी मी समताच्या घरी गेलो. तिची आई आदल्या दिवशी पोचली होती. दारात लेकीचं प्लास्टर पाहून ती माऊली एवढंच म्हणाली होती, "सांगितलं होतं ना, पडशील." त्यानंतर समता फारशी बोलली नव्हती. आईचं घास भरवणं चालू होतं आणि ती तो निमूट खात होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत काका बसले होते. त्यांचे डोळे लाल होते.

"मी तिथे बसायचो हे चुकीचं होतं," ते मला म्हणाले. "सरळ सांगायचं ना मला कोणीतरी! पहिल्याच दिवशी उठलो असतो."

"काका, परिपत्रकं काढली होती आपण."

"सगळी वाचली. दोन-दोनदा वाचली."

"मग?"

काका संकोचले. त्यांनी समताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, ती तुझ्याबद्दल आहेत."

"माझ्याबद्दल?"

"तू चढाच्या तोंडाशी उभा राहतोस ना, नियम सांगत. सगळ्यांना तुला वळसा घालून वाकडं यावं लागतं. त्या दिवशी समताही वाकडीच आली. फार दिवस मनात होतं रे, पण म्हटलं, तू सचिव, एवढं मनापासून करतोस. तुला तोंडावर कसं सांगायचं?"

मी समताकडे पाहिलं. ती आईच्या हातातल्या भाताकडे बघत होती.

"हे इतरांनाही वाटत होतं?" मी विचारलं.

"सगळ्यांनाच," समता म्हणाली.

मी घरी आलो. मंडळातली काही माणसं मनातलं स्पष्ट बोलत नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं होतं, आणि ही प्रवृत्ती सुरक्षेच्या दृष्टीने घातक आहे. त्यावर उपाय म्हणून मी हे सविस्तर निवेदन लिहिलं असून ते सर्वांसाठी आहे. ते कोणा एकाला उद्देशून नाही. वाचता वाचता तुमच्या डोळ्यांसमोर ऑफिसातलं, सोसायटीतलं किंवा घरातलं कोणीतरी आलं असेल आणि हे त्या माणसाने वाचायला हवं असं वाटलं असेल, तर हेतू सफल झाला असं मी समजेन. फक्त एवढं लक्षात घ्या, की तुम्हालाही हे कोणीतरी पाठवलेलं आहे. त्याने ते पन्नास जणांना पाठवलं आहे. त्यांतले एकोणपन्नास तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आहेत.