बोहाड्याचं पत्रक आणि अनसूयाबाईंचा अंगठा

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. जव्हारच्या एसटी डेपोत उभं राहून म्हणाल त्याची शपथ घेतो. (मी त्या वेळी तिथे नव्हतो, हे खरं. पण म्हणून काय झालं?)

तर जव्हारात दामोदर नावाचे एक रिटायर टायपिस्ट राहतात. त्यांच्याकडे एक कॉम्प्युटर आहे. इतका जुना, की चालू केला की आधी खोकतो, मग घसा साफ करतो आणि मनात असेल तर उजळतो. जोडीला एक करकरणारा प्रिंटर. दोघांना मिळून वर्षाकाठी एकच काम: मोखाड्याकडच्या, त्यांच्या बायकोच्या म्हणजे अनसूयाबाईंच्या माहेरगावच्या बोहाड्याचं, मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवायच्या उत्सवाचं, पत्रक. गणपतीपासून देवीपर्यंत कोणतं सोंग कोण नाचवणार, सगळं त्या डब्याच्या पोटात. दामोदर तारीख तेवढी बदलायचे, प्रिंट काढायचे आणि पुढच्या बोहाड्यापर्यंत छापखान्याच्या मालकासारखे गावातून फिरायचे.

यंदा अनसूयाबाईंच्या मनात आलं, कीबोर्ड फार मळलाय, धुवून टाकू. टाकला. साबणाच्या पाण्यात बुडवून, ब्रशने घासून नाचणीच्या पापडांशेजारी उन्हात वाळत घातला. पापड उत्तम झाले.

कीबोर्ड गेला तो गेलाच. त्यात पत्रक न्यायला त्याच संध्याकाळी कमिटीचे अध्यक्ष कमलेशभाऊ येणार होते. दामोदर डोकं धरून बसले, तेव्हा बाईंनी निकाल सांगून टाकला. पत्रक निघालं तर ठीक, नाही निघालं तर हे धूड भंगारात, आणि त्या कोपऱ्यात त्यांचं शिलाई मशीन.

दामोदर चप्पल न घालता बाजारात पळाले. (एकाच पायात होती असंही काही लोक म्हणतात.) नवा कीबोर्ड आणला, तर त्याची पिन चपटी आणि कॉम्प्युटरचं तोंड गोल, पाच भोकांचं. मग रिपेअरिंगवाल्या धनेशला घरी ओढून आणलं. त्याने चपट्याला छोटा गोल जोड लावला, छोट्याला मोठा गोल लावला, वरात जोडल्यासारखं एकामागे एक सगळं जोडून पाहिलं. मशीन ढिम्म.

“काका, तोंडं जुळली, पण भाषा नाही जुळत,” धनेश म्हणाला. “हा नवा पोरगा बोलतो ते या आजोबांना कळतच नाही. मध्ये दुभाष्या बसवावा लागेल.”

दुभाष्या म्हणजे बिस्किटाएवढी पट्टी, वर एक चिप. धनेशने ती डाग देऊन बसवली आणि पडद्यावर चक्क अक्षर उमटलं. पण एक डाग कच्चा राहिला आणि डागायची तार संपली. तेवढी जागा अंगठ्याने दाबून धरा, असं सांगून धनेश दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पसार झाला.

ती जागा मशीनच्या पाठीमागे, भिंतीकडे. तिथे अंगठा ठेवला की हात कीबोर्डापर्यंत पोहोचत नाही. दामोदरांनी पायाचा अंगठाही लावून पाहिला. त्या आसनातून त्यांना सोडवायला अनसूयाबाईंना कणीक मळायची सोडून यावं लागलं. शेवटी अंगठा बाईंचा, टायपिंग दामोदरांचं, असं ठरलं.

तारीख बदलून झाली आणि बाई म्हणाल्या, “देवरामचं नाव घाला.”

देवराम म्हणजे त्यांचा भाऊ. तो सोंग नाचवत नाही, सोंगापुढे टेंभा, म्हणजे मशाल, धरतो. टेंभेवाल्याचं नाव पत्रकात घालायची रीत नाही, असं दामोदरांनी समजावून सांगितलं. बाईंनी अंगठा उचलला. आजोबा बहिरे झाले.

“अहो, टेंभा नसेल तर रावण दिसणार कुणाला?”

देवराम आला. मग टेंभ्याला तेल घालणारी सरू आली, संबळवाल्याला पाणी देणारा सोम्या आला, मुखवटे रंगवणारा लाडक्या आला. दामोदर नको म्हणाले की अंगठा वर. पत्रकात देव कमी आणि सासुरवाडी जास्त झाली.

शेवटी ‘मुद्रक’ हा शब्द आला. तिथे दामोदर ताठ बसले.

“आणि अंगठा कुणाचा, ते?” बाईंनी विचारलं.

“अगं, मुद्रक एकच असतो.”

एवढ्यात दूध उतू गेलं म्हणून बाई अंगठा सोडून आत धावल्या. दामोदर जुने टायपिस्ट, त्यांची नजर बटणांवर, पडद्याकडे बघणं त्यांना कमीपणाचं वाटतं. त्यांनी आपलं पूर्ण नाव, हुद्दा आणि पत्ता थाटात बडवला. बाई आल्या, अंगठा ठेवला, प्रिंटर करकरला. तोच दारात कमलेशभाऊ.

भाऊंनी पत्रक वाचलं, परत वाचलं. दामोदरांच्या डोळ्यांपुढे शिलाई मशीन नाचू लागलं.

“टेंभेवाल्यांची नावं? कोणी सांगला?” भाऊंनी विचारलं. मग एकदम खुलले. “ब्येस केला. दरसाल ती पोरं रुसतात माझेवर. आता पत्रक इथंच छापायचा.”

कॉम्प्युटर वाचला. भाऊंनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे ‘मुद्रक’ होतं आणि पुढे कोरी जागा.

“छापला कोणी?”

“मी,” अनसूयाबाई म्हणाल्या, आणि भाऊंनी खिशातला पेन काढून तसं लिहिलं.

आता एक कबूल करतो. यातलं बाकी सगळं खरं, फक्त दूध मी घातलंय. त्या दिवशी घरात दूधच नव्हतं, कमलेशभाऊंना दिलेला चहासुद्धा कोरा होता.