मोरूकाकांचं बीजगोदाम

मोरूकाका कुठल्याही इमारतीत शिरले की आधी फरशीकडे बघतात. डोळे बारीक करतात, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटतात आणि मग निकाल देतात, "दाटीवाटीनं साठ. पाय पसरून चाळीस. बायका वेगळ्या." म्हणजे या जागेत इतकी माणसं झोपू शकतील.

हा निकाल मी लग्नाच्या हॉलबद्दल ऐकलाय, दातांच्या डॉक्टरकडच्या बाकड्यांबद्दल ऐकलाय आणि एका मयताच्या घरी, मयत हलायच्या आधी, ऐकलाय. एकदा ते पासबुक भरायला माझ्या बँकेत आले आणि भर गर्दीत म्हणाले, "कॅशची खिडकी हटवली तर तीस माणूस आरामात झोपेल." आमचे मॅनेजर पक्के बनारसी. मान वर न करता म्हणाले, "सोते तो अभी भी हैं, चाचा."

ब्रह्मा घाटावर आमची घरं समोरासमोर. मधली गल्ली इतकी अरुंद की त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंका आमच्याकडे येतात. काकांच्या घराण्याचं पिढीजात काम म्हणजे महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंना घरी उतरवून घ्यायचं, जेवू घालायचं, गंगेवर न्यायचं. काका स्वतः रेल्वेत लागले, तेही चौकशीच्या खिडकीवर. पण रक्त जाईल कुठं? गाडी किती लेट आहे असं विचारणाऱ्याला ते आधी "जेवलात का? उतरलात कुठं?" विचारायचे. त्याचं उत्तर संपेपर्यंत गाडी येऊन, थांबून, मुगलसरायला पोचलेली असायची.

आता यात्रेकरू फोनवरून हॉटेल ठरवून येतात. काकू जाऊनही बरीच वर्षं झाली, मूलबाळ नव्हतंच. वरच्या मजल्यावर छतापर्यंत रचलेल्या गाद्या तेवढ्या राहिल्या. दर थंडीत काका त्या एकेक करून गच्चीवर नेत आणि ऊन दाखवून परत रचून ठेवत. मी म्हणायचो, "काका, विकून टाका की." ते म्हणायचे, "अबे, कुणी आलं तर?"

अशा माणसाबरोबर मी ऐन वैशाखात पंचक्रोशीला निघालो, ही माझी अक्कल. पंचक्रोशी म्हणजे काशीला पायी प्रदक्षिणा, अनवाणी. त्या दिवशी ऊन असं होतं की कावळे झाडावरून झाडावर चालत जात होते. एका गावाजवळ रस्त्याला लागून जुनं सरकारी बीजगोदाम होतं. बियाणं यायचं केव्हाच बंद झालेलं. आत सगळ्या गावाच्या शेणाच्या गोवऱ्या, त्यांच्यावर भुसा, भुशावर शेळ्या आणि शेळ्यांवर कबुतरं. मी सावलीला टेकलो. काका मात्र दारात उभे राहून पुटपुटायला लागले होते. "दाटीवाटीनं दीडशे," ते म्हणाले, आणि उन्हानं म्हणा, आनंदानं म्हणा, धाडकन खाली बसले.

समोरच्या घरातून एक बाई लोटा आणि गुळाचा खडा घेऊन धावत आली. ही फूलमती, गावची प्रधान, म्हणजे आपल्याकडची सरपंच. तिनं काकांना गूळ दिला, पाणी पाजलं, पदरानं वारा घातला आणि असल्या उन्हात निघाल्याबद्दल वर झापलं. "ई घाम में के निकलता है? हमारे बाबूजी भी ऐसे ही थे, किसी की सुनते नहीं थे." मग जरा थांबून म्हणाली, "अब वो नहीं रहे. भाई कोई है नहीं. मायके से अब खिचड़ी भी नहीं आती." आणि लोटा पुढे करून, "और पीजिए, बाबूजी."

इकडे पूर्वांचलात संक्रांतीला सासरी दिलेल्या लेकीकडे माहेरहून 'खिचडी' जाते. तांदूळ, उडदाची डाळ, पोहे, लाह्या, तिळाचे लाडू, एखादी साडी. ती आली नाही की शेजारणी विचारत नाहीत, नुसत्या बघतात.

पुढच्या वाटेवर काका सारखे मागं वळून बघत होते. मला वाटलं, ऊन लागलं.

दुसऱ्या आठवड्यापासून गावावर मोरूकाका नावाची आपत्ती कोसळली. गोदाम साफ करून तिथं गावाची बैठक, मुलींचं शिवणकाम आणि पंचक्रोशीवाल्यांना पाय धुवून आडवं व्हायला जागा, असा त्यांचा बेत. फूलमतीनं पंचायतीत तो पास करून घेतला. गोवऱ्या हलवायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा काका दारोदार जाऊन, ज्याच्या घरी जागा नाही म्हणतील त्याच्या अंगणात उभे राहून मापं घ्यायचे. "इथं बारा माणूस झोपेल, तुझ्या गोवऱ्या का नाही झोपणार?" शेवटी गावानं भीतीनंच गोवऱ्या नेल्या. कबुतरांनीही आपापली सोय बघितली. भिंतींना चुना लागला, दारात पाण्याचे माठ बसले, आणि ब्रह्मा घाटावरून त्या गाद्या निघाल्या. आमच्या गल्लीतून गाद्यांची मिरवणूक जाताना दोन सांड मागं सरले. बनारसच्या इतिहासात सांडांनी वाट दिल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

सगळं छान होतं, एक गोष्ट सोडून. काका त्या गावात पाणी पीत नव्हते.

घरून फिरकीचा पितळी तांब्या भरून आणायचे. तो संपला की कोरडे राहायचे. चहा नको, सरबत नको, उसाचा रस पुढे केला तरी हात जोडायचे. गावात रामजतन नावाचे एक म्हातारबुवा होते, हुक्क्याच्या एका दमात अख्ख्या तालुक्याची अब्रू ओढणारे. त्यांनी पहिल्यांदा टोकलं, "का हो पंडितजी, हमरे पानी में कीड़ा हौ का?" लोक हसले. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. महिन्याभरात गावात पक्कं झालं की घाटावरच्या ब्राह्मणाला आमचं पाणी विटाळ वाटतं. पहिल्या दिवशी प्यायला तो भोवळ आली म्हणून; आता पाहुण्यांसाठी माठ भरतोय, आमच्या हातचा थेंब घेत नाही.

मी काकांना गाठलं. "काका, एक घोट प्या. काय बिघडतं?"

"तहान नसते रे मला."

"तुमचे ओठ पापडासारखे झालेत."

"पापडाला कुठं तहान लागते?" म्हणाले आणि चुन्याची बादली उचलून चालू पडले.

उद्घाटन संक्रांतीला ठरलं. आदल्या दिवशी नव्या बैठकीत गाव जमलं. रामजतन उठले, काठी टेकत आले आणि काकांच्या पुढ्यात भरलेला लोटा ठेवला. "बात सीधी हौ. पानी पी ला, त कल ताला खुली. ना पियबा, त गोईंठा वापस." गोईंठा म्हणजे गोवऱ्या.

काकांनी लोट्याकडे बघितलं. मग फूलमतीकडे. ती किल्ली मुठीत धरून भिंतीला टेकून उभी होती. गावाशी भांडून तिनं हे घडवलं होतं आणि आता सगळं या एका लोट्यावर अडलं होतं. काकांनी हात जोडले. "इस गाँव का पानी हम नहीं पी सकते."

लोक एकेक करून उठले, झटकून निघाले. फूलमतीनं कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचून घरात गेली. रिक्षात मी काकांना म्हणालो, "संपलं. आता त्या गाद्यांवर शेळ्या झोपतील."

"पाय पसरून?" काकांनी विचारलं. आवाज मात्र त्यांचा नव्हता.

संक्रांतीला सकाळी काका माझ्या दारात. धुतलेलं धोतर, डोक्याला उपरणं आणि बरोबर झाकलेली भलीमोठी टोपली. "चल," म्हणाले. "उचल एका बाजूनं." टोपली इतकी जड होती की आतमध्ये काकांनी एखादा यात्रेकरू झोपवलाय की काय, अशी मला शंका आली.

गावात पोचलो. काका गोदामाकडे वळले नाहीत. सरळ फूलमतीच्या दाराशी गेले, उंबऱ्याच्या बाहेर थांबले आणि टोपली खाली ठेवून झाकण काढलं. तांदूळ, उडदाची डाळ, पोहे, लाह्या, तिळाचे लाडू. सगळ्यांवर घडी घातलेली हिरवी साडी.

"मायके से," काका म्हणाले. पुढचं त्यांना येईना. रेल्वेच्या खिडकीवर जन्मभर बोललेला माणूस. शेवटी खाली बघत म्हणाले, "तुमने उस दिन बाबूजी कहा था."

दारादारांतून माणसं गोळा झाली होती. रामजतन काठी टेकत पुढे आले, टोपलीत डोकावले, काकांच्या हातातल्या तांब्याकडे बघितलं आणि मटकन ओट्यावर बसले. "धत्त तेरी की. बिटिया के ससुराल क पानी कौन बाप पीही?"

आपल्याकडेही जुनी माणसं लेकीच्या घरी पाण्याचा घोट घेत नसत. इकडे तर अजून लेकीच्या सासरचं गावच्या गाव वर्ज्य. बाबूजी हा शब्द इकडे रस्त्यावर दिवसातून शंभरदा कानावर पडतो, भाजीवालाही म्हणतो. आमच्या काकांनी तो घरी नेला आणि त्याचा सगळा कायदा पाळायला घेतला. मुकाट्यानं, कारण सांगायचं कसं? ती हसली असती तर?

फूलमतीनं पदर कपाळावर ओढला. वाकून टोपली चाचपली. लाडू उचलला, परत ठेवला. मग नाक ओढून म्हणाली, "घी नहीं लाए?"

काका गोरेमोरे झाले. "वो... भूल गए."

"हमारे बाबूजी भी भूल जाते थे," ती म्हणाली आणि कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

दुपारपर्यंत गोदाम गजबजलं. पंचक्रोशीचं एक टोळकं पाय धुवून गाद्यांवर पडलं होतं, मुली नव्या मशीनवर पायडल मारायला भांडत होत्या आणि रामजतन माठाजवळ बसून येईल त्याला पाणी पाजत, "ये पंडितजी समधी हैं गाँव के," म्हणजे गावाचे व्याही, असं सांगत होते. काका एका कोपऱ्यात, रिकामा तांब्या मांडीवर घेऊन.

फूलमती आली, तांब्या उचलला आणि चालू लागली. मला वाटलं, माठाकडे. ती माठ ओलांडून गेली. हिरवी साडी मोहरीच्या शेतातून बांधाबांधानं लांब, गावाच्या शिवेपार गेली, जिथं दुसऱ्या गावाचा हातपंप आहे.

मी म्हणालो, "काका, गाव भरलंय. किती माणूस झोपेल आता इथं?"

त्यांनी मोजलं नाही. ते शेताकडे बघत होते. पंपाचा दांडा वरखाली होताना इथूनही दिसत होता.