शलाकाबाईंनीं भर दरबारीं चादर घडी केली त्याची हकीकत

श्री. पांढऱ्या पडद्यावर छाया नाचविणारा जो कोणी असेल त्यास दंडवत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरीं, आश्विनमासीं घडलें तें लिहितों. आणि संवत्सराचें नांवच क्रोधी, तेव्हां बाईंच्या मातोश्रींस कोणीं बोल लावूं नये.

त्या समयीं राज्यांत शलाकाबाई बांदेकर नामें नव्या दमाची कलाकार उदयास आली. व्हिडिओ आणि परफॉर्मन्स ही दोन शस्त्रें. चित्रास कागद नको, नाटकास संवाद नको, आपणच कॅमेऱ्यापुढें कांहींबाही करीत राहावें आणि तीच कला, ऐसा हुन्नर. पहिल्या मोहिमेंत बाईंनीं बर्फाच्या लादीवर बसून ती वितळेतों शीळ घातली, मग दुसरींत आरशास दहीभात भरविला, आणि रसिक वाहवा करिते जाहले, परंतु समजलें कोणासही नाहीं. आम्हींही मान डोलाविली, खोटें कां सांगा! मग मातोश्री कुमुदिनीबाई कोपल्या. "शिकली सवरली आणि बर्फावर जाऊन बसली! लोक विचारतात, मुलगी काय करते? काय सांगू, माझं कपाळ?" आणि हुकूम सुटला कीं, दसऱ्याच्या आंत तूं काय करतेस तें मला कळलें पाहिजे, नाहींतर कॅमेरा माळ्यावर आणि तूं मामाच्या औषधांच्या दुकानांत. त्या घरीं मातोश्रींपुढें कोणाचें चालत नसे, सबब बाईंनीं मान्य केलें आणि रात्रंदिन धास्तावून राहिल्या.

मग दसऱ्याच्या आदले दिवशीं कलादालनाचा दरबार भरला. भिंतीवर व्हिडिओ लागला, त्यांत बाई, वर्षभर परशहरीं राहिल्या होत्या तेथल्या भाड्याच्या खोलींत, भली थोरली चादर एकट्यानें घडी करीत आहेत. आणि पुढ्यांत बाई जातीनिशीं तैसीच चादर घेऊन, एक टोक दांतांत, एक पायाखालीं, मध्य हनुवटीखालीं, झुंजत आहेत. दरबाराचा दंडक असा कीं जमिनीवर पांढरी रेघ, तिच्या आंत प्रेक्षकानें पाऊल टाकूं नये. जाणकार डोळे मिटून "एकांताची मीमांसा" ऐसें पुटपुटले. मातोश्रींनीं थोडका वेळ सोसलें आणि मग भडकाच उडाला. "अगं बये, दातांत काय धरतेस! दे इकडे ती टोकं!" ऐसें गरजून, पदर खोंचून, रेघ ओलांडून चालून गेल्या. हुजरे धांवले, त्यांस एका नजरेनें जागींच खिळविलें. मायलेकींनीं टोकें धरून चादर ऐसी झटकली कीं जाणकारांच्या टिपणांचे कागद उडाले! आणि दोघी जवळ आल्या, मग दूर गेल्या, मग पुन्हा जवळ आल्या, इतक्यांत मातोश्रींची नजर भिंतीवर गेली. तेथें लेक अजून एकटीच झुंजत होती.

"वर्षभर अशीच घालत होतीस?"

"मग काय! दुसरं टोक धरायला होतं कोण, आई?"

दरबारास वाटलें हें सारें योजिलेलेंच, सबब टाळ्यांचा एकच कल्लोळ जाहला. दालनाचे कारभारी धांवत येऊन म्हणाले, "काय शेवट योजलात, बाई!" त्यावर मातोश्री डोळे पुशीत कडाडल्या, "शेवट कसला? कोपरे कुठे जुळलेत? उलगड गं, परत घालू."

एकूण, दरबार पंधरा दिवस चालला, मातोश्री रोज हजर, आणि मामांनीं दुकानास दुसरा माणूस पाहिला. हल्लीं कोणीं विचारिलें, मुलगी काय करते, तर मातोश्री ताठ मानेनें सांगतात, "चादरींच्या घड्या घालते. एकटीला जमत नाही, म्हणून मी जाते."