बिबवेवाडीच्या ओट्यावरील टोस्टाची मोहीम

श्रीगजाननास वंदन करून, आणि ज्या गजाननाचे स्मरण यजमानांस वेळेवर न जाहले त्याची प्रथमच क्षमा मागून, हकीकत लिहिण्यास आरंभ केला ऐसी जे. कसबे पुणे, मौजे बिबवेवाडी, इमारत दुसरी, मजला तिसरा, लिफ्ट बंद, येथे फाल्गुन मासी जे रण माजले त्याची खरी खबर लोकांस असावी आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणी विसंबू नये, म्हणोन हा खटाटोप. वार शनिवार होता. तिथी इतक्यात सांगत नाही. ती पुढे आपल्या पायांनी दिवाणखान्यात येईल.

राजमान्य राजश्री आनंदराव खळदकर, वय वर्षे अठ्ठावन्न, पाटबंधारे खात्यातून चार मासांपूर्वी सन्मानपूर्वक घरी आले. खडकवासल्याच्या धरणात पाणी किती, हे चौतीस वर्षे त्यांच्या जिभेवर असे. घरात मीठ कोठे, हे मात्र एक दिवसही ठाऊक नव्हते. निवृत्तीनंतर मुलूख पाहो जाता सोफा मालिकांच्या अमलाखाली, गॅलरी वाळत्या कपड्यांच्या ताब्यात, आणि उरला तो मुदपाकखाना, म्हणोन त्यांनी तिकडे मोहरा वळविला. परंतु पहिल्याच स्वारीत मिक्सरला झाकण न लावता ताक घुसळिले, आणि छतावर जो पांढरा नकाशा उमटला तो अद्याप कायम आहे. मग त्यांच्या पत्नी, वज्रचुडेमंडित दीपमालाबाईसाहेब यांनी फर्मान काढिले ते ऐसे: “काय हवं ते मागा. आत येऊ नका.” त्या दिवसापासून आनंदराव आपल्याच घरात पाणी मागून पीत होते, आणि हे शल्य पेन्शनीच्या कोणत्याही कागदाने भरून निघत नव्हते.

ऐशा समयी खबर आली की कन्यारत्न अपेक्षा हिचे भावी सासू-सासरे, वैजनाथराव व चंद्रभागाबाई, मूळ मुलूख अमरावती, हल्ली मुक्काम वाकड, शनिवारी पाच वाजता येत आहेत. चंद्रभागाबाई म्हणजे साखरपुड्याच्या मसालेभातास “बरा आहे” इतकीच सनद देणाऱ्या. दीपमालाबाईंनी साबुदाण्याच्या खिचडीची मसलत मांडिली. का मांडिली, हे आनंदरावांनी विचारिले नाही. ते हसले मात्र.

“खिचडी? व्याह्यांना? अगं, काहीतरी नवीन करू. मी करतो.”

“तुम्ही.”

“मी. आणि तू मध्ये बोलायचं नाहीस.”

मग विजेच्या बिलाच्या पाठीवर तहनामा लिहिला गेला. कलम पहिले, शनिवारी सकाळपासून पाहुणे जाईपर्यंत बाईसाहेबांनी मोहिमेत हात घालू नये. कलम दुसरे, तोंडाने, डोळ्याने किंवा सुस्काऱ्याने सल्ला देऊ नये. हे आनंदरावांनी हट्टाने घातले. कलम तिसरे, अमका डबा कोठे आहे हे आनंदरावांनी, आज किंवा पुढे, कधीही विचारू नये. हे बाईसाहेबांनी हसत घातले. कलम चौथे, पाहुण्यांपुढील ताट मोकळे जाहले तर दर शनिवारी मुदपाकखाना आनंदरावांचा. एक तुकडा जरी ताटात उरला, तरी आमरण उंबरठाबंदी. दोघांनी सह्या केल्या. आनंदरावांनी खाली तारीखही घातली. तिथी घातली नाही.

अपेक्षाने फोनवर एक चलच्चित्र पाठविले होते, ज्यात कोणाची तरी गोरी बोटे चाळीस सेकंदांत पाव भाजतात, चीज फासतात, वर फळाची चकती ठेवतात, आणि मध सोडून मोकळी होतात. खाली मजकूर होता, पाच मिनिटांत तयार. त्या पाच मिनिटांचा आरंभ आनंदरावांनी पहाटे सहा वाजता मार्केट यार्डात केला. तेथे दादामियाँ नामक अंजिराचे जुने आडते, पाट्यांच्या राशीवर छत्रपतीसारखे बसले होते, त्यांपुढे हे जाऊन उभे राहिले आणि आठ मागते जाहले.

“आठ पाट्या?”

“आठ नग.”

 दादामियाँ म्हणाले, “काका, आठ नग तुमच्या नाक्यावरच्या गाडीवर मिळतात. त्यासाठी इतक्या पहाटे कशाला उठलात? झोपायचं ना.”

रिकाम्या हाताने माघारी फिरणे चौतीस वर्षांच्या नोकरीस शोभणारे नव्हते, सबब आनंदरावांनी अख्खी पाटी उचलिली आणि स्कूटरच्या पुढ्यात दोन गुडघ्यांत धरून स्वारी घरी दाखल जाहली.

मग जिन्नसांची यादी केली, आणि ती डोळ्यांसमोर असावी म्हणोन भिंतीवरच्या कॅलेंडरास पिनेने टोचली, नेमकी त्या दिवसाच्या चौकटीवर. ऐसा गनिमी कावा स्वतःवरच करणारा सरदार इतिहासात विरळा. मग शोधकार्य सुरू जाहले. कॉफी लिहिलेल्या डब्यात जिरे निघाले, जिरे लिहिलेल्या डब्यात रबरबँड, आणि बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा. कलम तिसरे आठवून आनंदराव मुकाट राहिले. मध दीड तासाने देवघरात सापडला. पाव भाजिले, पहिली तुकडी जळून खाक जाहली, दुसरी कच्ची राहिली, आणि तिसऱ्या खेपेस चोवीस टोस्ट सोनेरी वर्दीत ओट्यावर उभे राहिले. दुपारी आनंदरावांनी मोठ्या मनाने पत्नीस आवाज दिला, “अगं, जेवून घे.” आतून उत्तर आले, “भूक नाही.” ते ऐकून यांस परम संतोष जाहला की प्रतिपक्ष धास्तावला.

पाच वाजता पाहुणे तीन जिने चढून, धापा टाकीत डेरेदाखल जाहले. कुशल विचारणे जाहले, लिफ्टची निंदा जाहली, आणि मग आनंदराव खासे ताट घेऊन दिवाणखान्यात प्रवेशले. चोवीस टोस्ट, त्यावर चीजचा पांढरा थर, त्यावर अंजिराच्या लाल चकत्या, मधाची तार, मिऱ्याची पूड. वैजनाथरावांचा चेहरा उजळला, हात पुढे आला, आणि अंगठा टोस्टास लागणार इतक्यात चंद्रभागाबाई वदल्या:

“अहो!”

एका शब्दात तो हात जागच्या जागी शरण गेला.

“आज संकष्टी आहे ना,” चंद्रभागाबाई आनंदरावांस म्हणाल्या. “पाव नाही चालत. तुम्हाला ठाऊक नव्हतं का? दीपमालाताई, तुमचीही असेल?”

“हो,” दीपमालाबाई शांतपणे म्हणाल्या. “बत्तीस वर्षं झाली.”

ऐसी तिथी दिवाणखान्यात आली आणि सोफ्यावर बसली. आनंदरावांनी पत्नीकडे पाहिले. बत्तीस वर्षे, वर्षास बारा, हा हिशेब धरणाच्या हिशेबाहून सोपा होता, आणि तो त्यांनी कधी मांडिला नव्हता. खिचडीचा अर्थ आता कळला. दुपारच्या भुकेचाही कळला. ताट उचलून ते मुदपाकखान्यात माघारी आले, आणि ओट्यावर, छतावरच्या ताकाच्या नकाशाखाली, त्यांनी ते ठेविले. “अगं” ऐसी हाक गळ्यापर्यंत आली. कलम दुसरे त्यांचेच हट्टाचे, म्हणोन ती गिळावी लागली.

तेव्हा दृष्टीस पडले की टोस्टरच्या अगदी शेजारी राजगिऱ्याच्या वड्यांचे पाकीट आहे. सकाळी तेथे ते नव्हते, हे आनंदराव शपथेवर सांगतील, कारण सकाळी त्यांनी ओट्यावरील एकूण एक डबा उपसला होता. पाकीट तोंड उघडून बोलत नव्हते, डोळे वटारीत नव्हते, सुस्कारेही टाकीत नव्हते. ते ठेवणारा हात कोणी पाहिला नव्हता, सबब तहास कोठेही बाध नव्हता.

मग जी धांदल जाहली ती वर्णावी तितकी थोडी. सोळा वड्या मांडिल्या, पाटीतून ताजे अंजीर कापिले, आणि चीजवर सुरी अडली. आनंदराव चीजचे पाकीट घेऊन बाहेर आले आणि न्यायासनापुढे अर्ज केला की हे उपवासास चालते किंवा कसे. चंद्रभागाबाईंनी चष्मा लावून पाकिटावरचा बारीक मजकूर वाचिला.

“दुधाचंच ना? मग चालतंय.”

“आणि वर थोडं ओरेगानो?”

“ते काय असतं?”

“ओव्यासारखं... लांबून.”

“मग लांबच राहू द्या.”

ओरेगानो बडतर्फ जाहले आणि सोळा वड्या, चीज, अंजीर, मध, मिरे ऐशा सरंजामानिशी ताट पुन्हा रणात आले. पहिली वडी चंद्रभागाबाईंनी उचलिली, चावली, आणि लागलीच दुसरी उचलिली. साखरपुड्यापासून आजवर ऐसा बहुमान कोणा पदार्थास मिळाला नव्हता. वैजनाथरावांस तर कंठ फुटला, “द्या न जी अजून एक!” आणि ते पाच फस्त करते जाहले. चंद्रभागाबाईंच्या चार. दीपमालाबाई सकाळपासून निरंकार होत्या; त्यांच्या सहा. एकूण पंधरा.

सोळावी ताटात राहिली.

आणि आता खरा प्रसंग उभा ठाकला. कारण आपल्या मुलखात ताटातील शेवटचा तुकडा उचलणे म्हणजे उभ्या घराण्याची अब्रू उधळणे. “घ्या ना,” “छे, तुम्ही घ्या,” “माझं झालं हो,” “एकच तर आहे,” ऐशा फैरी झडू लागल्या. वैजनाथरावांची बोटे वळवळली, पण कुटुंबाच्या नजरेने ती पुन्हा मांडीवर ठेविली. चंद्रभागाबाईंनी पर्स उचलिली. निघण्याची भाषा सुरू जाहली. आनंदरावांस सोळाव्या वडीच्या जागी उंबरठा दिसू लागला, आणि त्या उंबरठ्याबाहेर, हातात रिकामा पेला घेऊन, पाणी मागणारा एक निवृत्त इसम.

तेव्हा दीपमालाबाईंनी हात लांबविला, वडी उचलिली आणि मुखी घातली.

“भूक लागलीये,” त्या कोणाकडेही न पाहता म्हणाल्या.

पाहुणे अर्धी पाटी अंजीर घेऊन, जिने उतरते जाहले. उतरता उतरता चंद्रभागाबाईंनी “छान होतं” ऐसी सनद दिली, तिची नोंद येथे ठळक करावी. दीपमालाबाईंनी ताट उजेडात धरून तपासिले, विजेचे बिल काढिले आणि चौथ्या कलमापुढे बरोबरची खूण केली.

“शनिवार तुमचा,” त्या म्हणाल्या.

 काही तरी बोलावे ऐसे आनंदरावांच्या मनी आले, बत्तीस वर्षांविषयीही बोलावे वाटले, परंतु तोवर बाईसाहेबांनी कॅलेंडरावरची यादी बाजूस सारून चौकट वाचिली होती.

“आजही शनिवारच आहे. चंद्रोदय नऊ वाजून अकरा मिनिटांनी. उपास सोडायला वरण-भात लावा. टोस्ट माझ्या पानात नकोत, ते तुमचे तुम्ही संपवा.” आणि त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या.

ऐसी फत्ते जाहली. मुदपाकखाना, ओटा, शेगड्या दोन, घासावयाची भांडी सदतीस आणि टोस्ट चोवीस ऐसा मुलूख विजेत्यांच्या पदरी पडला. तांदूळ कोठे, हे विचारण्यास आनंदरावांनी तोंड उघडिले. मग कलम तिसरे स्मरले, तोंड मिटले, एक टोस्ट दातांत धरिला, आणि खासे बिस्किटांच्या डब्यापासून शोधास लागले. जे घडले ते लिहिले, पदरचे काही घातले नाही, येथे लेखणी पुसून ठेविली.